हिंगण्याच्या माळावरचा संगणक

स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी काम अगदी सोपं करून सांगितलं. "बाई, मुलींच्या संगणक अभियांत्रिकीची सुरुवात १९९१ची, कमिन्स महाविद्यालयापासूनची. तिथून धरा आणि आजपर्यंत या. पाच-सहा पानं झाली तरी पुष्कळ." मी हो म्हटलं. रात्री सनावळी मांडायला बसले आणि पहिलाच आकडा हातून १८९१ असा पडला. खोडायला पेन उचललं, आणि थांबले. इतिहास खरं तर तिथूनच लिहायला हवा होता.

१८९१ साली धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला आले. टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर गणिताची जागा रिकामी पडली होती. मुंबईत शिकवण्या करून दिवस काढणाऱ्या कर्व्यांना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बोलावून घेतलं. एल्फिन्स्टनमधून १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झालेला मुरूडचा हा लाजाळू माणूस. १८९१मध्येच त्यांची पहिली पत्नी गेली. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवेशी, लग्न केलं आणि मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. अण्णांचे, म्हणजे कर्व्यांचे, फोटोही पाठ आहेत. त्या फोटोंतला माणूस रोज फळ्यावर समीकरणं सोडवत होता, हे मात्र पाठ्यपुस्तकाच्या त्या धड्यात कुठे लक्षात राहत नाही.

गणित शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. उत्तर चुकलं की तो रागावत नाही, पायरी कुठं चुकली ते शोधतो. विधवांच्या दैन्यावर त्या काळात पुण्यात भाषणं कमी होत नव्हती. पण सासर-माहेर दोन्ही तुटलेली सतरा वर्षांची मुलगी शिकायला तयार झाली, तर ती रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय, ही पायरी बहुतेक वक्ते गाळत असत. अण्णांनी नेमकी तीच धरली. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. पुण्यात प्लेग आला तसा १९०० साली तो शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा दिली होती आणि तिच्यावर उभी राहिली एक झोपडी. दिवसा फर्ग्युसनला तास घ्यायचे आणि संध्याकाळी लागणारं सामानसुमान घेऊन चिखलातून हिंगण्याची वाट धरायची, हा अण्णांचा क्रम. त्या वाटेच्या बऱ्याचशा भागावर आज कर्वे रस्त्याची रहदारी तुंबलेली असते. सहाच्या सुमाराला रिक्षात अडकलात तर अण्णा पायी आपल्या आधी पोचले असते, असं मनात येतंच.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर जाते. १९०७ साली महिला विद्यालय. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली आणि १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झालं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव लागलं. गोदूबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेला गेल्या, इंग्रजी धड येत नसताना. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या आणि संस्थेसाठी निधी मिळवत फिरल्या. आज परदेशी एम. एस. करायला निघालेल्या मुलीला पोचवायला अख्खं घर विमानतळावर जातं, तेव्हा मला हटकून पार्वतीबाई आठवतात.

एका गोष्टीवर मात्र थांबायला हवं, कारण स्मरणिकेत ती सहसा येत नाही. गणिताच्या या प्राध्यापकानं काढलेल्या विद्यापीठात मानाचं पान गणिताला नव्हतं. स्त्रीचं कार्यक्षेत्र प्रामुख्यानं घर, तेव्हा तिचं शिक्षण पुरुषांपेक्षा वेगळं हवं, हा अण्णांचा विचार होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. गृहशास्त्र, आरोग्य, बालसंगोपन हे विषय त्या विद्यापीठाची ओळख झाले. तरुणपणी मला याचा राग येई. ज्यांना गणिताची गोडी कळली होती, त्यांनी ती मुलींसाठी आवश्यक का मानू नये? राग अजून पुरता गेलेला नाही. पण त्याच विद्यापीठानं उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला होता, आणि त्याची किंमत मला कळली ती थेट संगणकाच्या प्रयोगशाळेत. ते पुढे येईल.

१९५८ साली अण्णांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ साली, वयाच्या १०५व्या वर्षी, ते गेले. त्याच वर्षी कोथरूडमध्ये डिझेल इंजिनं बनवणारा किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो जुळायला २९ वर्षं जायची होती.

त्या मधल्या काळात अभियांत्रिकीला जाणारी मुलगी म्हणजे काय प्रकार होता, हे आजच्या मुलींना सांगताना मी सुधा मूर्तींचं उदाहरण देते, कारण ते त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे आणि त्याचा दुसरा अंक पुण्यात घडतो. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या एकट्या मुलगी. साडी नेसायची, कँटीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, या अटींवर प्रवेश. आणि महाविद्यालयात बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्रात एम. ई. केलं. १९७४ साली टेल्कोची जाहिरात पाहिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि त्या टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात पहिल्या महिला अभियंता म्हणून रुजू झाल्या. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली पोस्टकार्डावर टाळ्या वाजवतात. माझं लक्ष स्वच्छतागृहाकडे असतं. पोस्टकार्ड टाकायचं धाडस एखादीच करते. दिवसभर पाणी न पिता चार वर्षं काढणं बाकीच्यांना जमणार नसतं, म्हणून त्या अर्जच भरत नाहीत, आणि मग सगळे म्हणतात की मुलींना अभियांत्रिकीची आवडच नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयावर भलंबुरं पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं बुरंही खोटं नाही. पण त्यामुळे खासगी शिक्षणसंस्थांना अभियांत्रिकीचं दार उघडलं. अण्णांच्या आश्रमातून वाढलेल्या कर्वे संस्थेनं ठरवलं की आपलं महाविद्यालय फक्त मुलींचं असेल. शेजारच्या कमिन्सनं आर्थिक पाठबळ दिलं आणि १९९१ साली कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात, कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. संगणक अभियांत्रिकी तिथे शिकवली जाऊ लागली.

वर्ष मोठं विलक्षण होतं. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं होतं. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथं तयार झालेला 'परम ८०००' याच १९९१मधला. जुलैत मनमोहन सिंगांचा तो गाजलेला अर्थसंकल्प आला. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजनाही याच सुमाराची. म्हणजे पहिल्या तुकडीनं प्रवेश घेतला तेव्हा जी नोकऱ्यांची बाजारपेठ अस्तित्वातच नव्हती, ती त्या मुली पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तयार झाली. हा काही संस्थेचा दूरदर्शीपणा नव्हे. दैव अनुकूल पडलं असंच म्हणायचं. मात्र दैव आलं तेव्हा दार उघडं होतं.

आता प्रयोगशाळेकडे वळते, कारण मला खरं सांगायचंय ते तिथलंच.

मुलींच्या संस्थेत शिकवायला लागण्याआधी काही वर्षं मी एका मुला-मुलींच्या महाविद्यालयात होते. त्याचं नाव घेत नाही. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. संगणक मोजके, म्हणून एका यंत्रावर दोघं किंवा तिघं. चपला-बूट बाहेर काढायचे, कारण आत वातानुकूलन आणि धुळीची भीती. टर्बो सीचा निळा पडदा, खिशात फ्लॉपी. गट हजेरीपटावरच्या क्रमानं पडत. आणि कुणी न सांगता प्रत्येक गटात एकच वाटणी होई: की-बोर्डसमोर मुलगा, शेजारच्या स्टुलावर जर्नल घेऊन मुलगी. तिचं अक्षर चांगलं ना! तो टाइप करणार, ती प्रोग्रॅम आणि आउटपुट सुबक उतरवून घेणार, खाली पट्टीनं रेघ मारणार. सत्रअखेर टर्मवर्कचे गुण दोघांना सारखे. मुलींची जर्नलं बघून मी खूश होत असे, हेही कबूल करते. मग एका तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अशाच एका हुशार मुलीला सांगितलं, "हा प्रोग्रॅम जरा चालवून दाखवा." तिला ओळ न् ओळ पाठ होती. पण फाइल कशी उघडायची, कंपाइल करायला कोणती कळ दाबायची, हे तिच्या बोटांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत ती त्या खुर्चीत बसलीच नव्हती. कुणी तिला उठवलं नव्हतं. बसवलंही नव्हतं.

नंतर मुलींच्या प्रयोगशाळेत शिकवू लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. यंत्रं तशीच, एका यंत्रावर दोघी-तिघीच. पण खुर्चीत कोण, स्टुलावर कोण, हे भांडून ठरत होतं. "काल तू टाइप केलंस, आज मी." वायर सैल झाली, प्रिंटरनं कागद गिळला, तर वाकून टेबलाखाली जायला मुलगीच, कारण दुसरं होतंच कोण? मुलींची स्वतंत्र संस्था कशाला हवी, एकविसाव्या शतकात हे मागासलेपण नाही का, असं मला दर दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं. त्यांना मी टेबलाखाली वाकलेल्या या मुलीबद्दल सांगते. वादात मी जिंकतेच असं नाही. पुढे नोकरीत तर मिसळावंच लागतं, मग चार वर्षं वेगळं का ठेवायचं, या प्रश्नात दम आहे. माझं म्हणणं एवढंच, की मिसळायला जाण्याआधी बोटांना कळा ठाऊक असलेल्या बऱ्या.

मातृभाषेचं सांगते म्हटलं होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून नव्वदच्या पुढे गुण मिळवलेली बीड-धाराशिवकडची मुलगी पहिल्या वर्षाला येते आणि पहिल्या तासाला गप्प होते. तिला विषय कळत नसतो असं नाही. मान डोलवायच्या आधी तिला मनात भाषांतर करून घ्यावं लागतं आणि तोवर फळा पुसलेला असतो. सी भाषेतला पॉइंटर हा तर भल्याभल्यांना घाम फोडणारा भाग. एका सत्रात मी इंग्रजी व्याख्या बाजूला ठेवली आणि म्हटलं, "चिठ्ठीवर मावशीच्या घराचा पत्ता लिहिलाय. चिठ्ठी म्हणजे घर नव्हे. चिठ्ठी फाडली तर घर पडत नाही. पण चिठ्ठीवर खाडाखोड करून दुसरा पत्ता लिहिलात, तर दिवाळीचा फराळ भलत्याच दारात पोचेल." मागच्या बाकावरून आवाज आला, "आणि चिठ्ठी कोरीच असली तर?" नल पॉइंटर! हा प्रश्न तिनं इंग्रजीत विचारला नसता. त्या दिवशी अण्णांवरचा माझा राग निम्म्यानं उतरला.

अण्णांच्या कामाची दुसरी शाखा, महिला विद्यापीठ, हीही मागे राहिली नाही. एसएनडीटीनं १९९७ साली जुहूच्या आवारात आपलं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. कर्वे संस्थेत बीसीएसारखे अभ्यासक्रम आले. २००१नंतर एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं आणि मुलीला क्लासला सोडायला आलेल्या आयाही माउस धरायला शिकल्या.

इथे एक उलटी गंमत नोंदवायला हवी. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये १९८४च्या सुमाराला मुलींचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होतं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आलं. तिकडे घरातला संगणक मुलाच्या खोलीत गेला, तो मुलांचा खेळ ठरला. आपल्याकडे संगणक घरात आलाच नव्हता, त्यामुळे तो मुलाचा की मुलीचा हे ठरायचं होतं. ठरलं ते बापांच्या हिशेबानं: मेकॅनिकल नको, सिव्हिल नको, साइटवर जावं लागतं. कॉम्प्युटर बरा. सावलीतलं काम, बसून काम, एसी ऑफिस. स्थळं चांगली येतात, हेही कुणी हळूच बोलून जाई. म्हणजे आपल्या मुली या क्षेत्रात मोठ्या संख्येनं आल्या त्याला उदारमतापेक्षा उन्हाची भीती जास्त कारणीभूत आहे, असं मी एका चर्चासत्रात म्हटलं होतं. आयोजकांना ते फारसं रुचलं नाही.

सगळंच चढतं राहिलं असंही नाही. २००१ साली डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि २००८-०९ साली जगभर मंदी आली. दोन्ही वेळा नियुक्तिपत्र हातात घेऊन मुली घरी बसल्या. मुलगा घरी बसला तर "लागेल कुठेतरी" म्हणतात. मुलगी बसली की पत्रिका बाहेर निघते. मंदीतल्या त्या तुकड्यांमधल्या काही जणी पुन्हा की-बोर्डपर्यंत आल्याच नाहीत. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीची कंपनीच्या गाडीच्या चालकानंच हत्या केली, तेव्हा कितीतरी घरांतून एकच वाक्य ऐकू आलं: नको ती नोकरी. त्यानंतर कॅबमध्ये सुरक्षारक्षक, शेवटच्या थांब्यापर्यंत मुलीला एकटं न सोडणं असे नियम कडक झाले. एका नियमानं जेवढ्या मुली नोकरीत टिकल्या असतील, तेवढ्या माझ्या शंभर प्रेरणादायी व्याख्यानांनी टिकल्या नसत्या. आणि मी व्याख्यानं बरी देते.

फीचंही तसंच. जुलै २०२४मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. दोन भावंडांत एकाचीच फी परवडत असेल तर कुणाची भरायची, हा प्रश्न ज्या घरात बोलून न दाखवता सुटत असे, तिथे आता तो निदान पुन्हा मांडावा लागतो. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च मात्र राहतोच. म्हणजे फिरून अण्णांच्याच पायरीशी आलो. झोपणार कुठे, जेवणार काय.

प्रवेशाच्या दिवसांत मुलींच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या कचेरीबाहेर तासभर उभं राहावं. बाप-लेकी येतात. बापाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "हॉस्टेल आवारातच आहे ना? गेट किती वाजता बंद होतं?" उत्तर ऐकून त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. १९०० सालच्या झोपडीपासून हिंगण्यानं दिलेलं हे अभयच आहे. त्याच्या जोरावर चार जिल्ह्यांपलीकडची मुलगी पुण्यात येते.

पण आता त्या अभयाचीच दुसरी बाजू मुली माझ्यापुढे मांडतात. हॅकेथॉन रात्रभर चालते. परदेशी तज्ज्ञांची ऑनलाइन सत्रं आपल्या मध्यरात्री असतात. एका वसतिगृहात, ते कुठलं ते राहू दे, बाहेर जाण्याच्या वहीत 'कारण' या रकान्यात एका मुलीनं लिहिलं, हॅकेथॉन. पुढचा रकाना होता 'कोणाकडे जाणार' आणि त्याच्या पुढचा 'नाते'. रेक्टरबाई चांगल्या होत्या, काळजीपोटीच विचारत होत्या. मुलीनं दोन मिनिटं विचार केला, 'कोणाकडे' खाली आयोजक महाविद्यालयाचं नाव लिहिलं आणि 'नाते' खाली एक आडवी रेघ ओढली. रेक्टरबाईंनी चष्मा वर केला, रेघेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं. पण डबा घेऊन जा. आणि पोचल्यावर फोन कर."